राख उचलण्याआधी

आगीत हाडाची साक्ष संपते, असं मी शरीररचनाशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं सांगत आलो. हाड पांढरंफटक झालं की डीएनए गेला, विषय मिटला. डीएनएपुरतं ते आजही बहुतांशी खरं आहे. ‘विषय मिटला’ एवढं मात्र मी आता म्हणत नाही.

तीनेकशे अंशांच्या आसपास हाड काळं पडतं, पुढे राखी-निळसर होतं, 800 च्या सुमारास खडूसारखं पांढरं. मांसासकट जळालेलं हाड वाकतं, त्यावर आडव्या, चंद्रकोरीसारख्या चिरा पडतात. आधीच वाळलेलं असेल तर चिरा बहुधा उभ्या. एकट्या चिरेवरून शपथ घेऊ नये. पण एक मांडी काळी आणि दुसरी पांढरी का, हे कळायला कुठलं हाड कुठे, कशाखाली पडलं होतं याची नोंद लागते. फावड्याने पोत्यात भरल्यावर ती कुठून आणणार?

हे माझ्या डोक्यात शिरलं ते कौंडण्यपूरला, वर्धेच्या काठी, सावडायला गेलो तेव्हा. आतेभाऊ फावडं घेऊन पुढे झाला तसे थोरले काका कडाडले, “थांब ना बाप्पा! आधी पाय कुठी हायेत ते पाहू दे, मंग हात लाव.” पायाकडून डोक्याकडे ते वेचत गेले. सांगाडा बराचसा आपल्या जागीच होता. याच गावात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी 1962 ते 64 मध्ये उत्खनन केलं. थर नोंदवल्याशिवाय खापर हलवायचं नाही, ही त्या विद्येची शिस्त. काकांनी तिचं नावही ऐकलं नसेल.

याच्या अगदी उलट उदाहरण: पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात मे 2012 मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. काही हाडं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेली, बाकीचं तिथेच पुरलं आणि ऑगस्ट 2015 मध्ये पुन्हा उकरलं. 2024 मध्ये तर त्या खुनाच्या खटल्यात हाडं सापडत नाहीत असं न्यायालयाला सांगितलं गेलं. मग ती तपास यंत्रणेच्याच दिल्लीतल्या कार्यालयात निघाली. आगीला दोष देणं सोपं असतं.

डीएनए मी आता शेवटी शिकवतो. आधी दोरी, मोजपट्टी, चाळणी आणि पंचनामा. मुलं कंटाळतात, कंटाळू देत.