सतराचा पाना

१९८६ साली दहावीनंतर मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका डिझेल गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी उस्तादांनी माझ्या हातात सतराचा पाना दिला. म्हणाले, "बारक्या, हा हरवू नकोस. इंजिन बोलतं ते ह्याच्यातनं."

तो पाना आज माझ्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला आहे. एका तोंडाची कड झिजली आहे, दांड्यावर उस्तादांच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झाली आहे. इंजेक्टरचा बिघाड शोधायला तो मी आता खाली काढत नाही. का काढत नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावर टाटाच्या बाराशे दहा ट्रकांचं राज्य होतं. मुंबईहून माल भरून कसारा घाट चढून आलेला ट्रक गॅरेजात शिरला की ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच बोलायला लागायचा. "घाटात ओढत नाही, काळा धूर टाकते, मिसिंग मारते." उस्ताद चहाचा पेला खाली ठेवत आणि तीनच गोष्टी विचारत. धूर काळा की पांढरा? थंड असताना होतं की गरम झाल्यावर? आणि डिझेल शेवटचं कुठं भरलं? मग गाडी आयडलवर ठेवायला सांगत आणि डोळे मिटून बॉनेटजवळ उभे राहत. मी मागं थांबून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो.

त्यानंतर पाना. पंपापासून प्रत्येक इंजेक्टरपर्यंत एकेक लोखंडी नळी, तिच्या टोकाला सतराचं नट. इंजिन चालू असतानाच पहिल्या सिलिंडरचं नट अर्धा आटा सैल करायचं. डिझेल बाहेर फुसफुसतं, त्या सिलिंडरला इंधन मिळत नाही. इंजिनाचा आवाज पडला, ते लंगडायला लागलं, तर तो सिलिंडर आतापर्यंत काम करत होता. नट कसायचं आणि पुढच्यावर जायचं. असं करत एका नटाशी यायचं की ते सैल करूनही आवाजात काडीचा फरक पडत नाही. तोच आजारी. सहा नटं, पाच मिनिटं, एक फडकं. माझ्या अख्ख्या शिक्षणात बिघाड शोधायची इतकी सरळ रीत मला दुसरी भेटली नाही.

आजारी इंजेक्टर काढून नोझल टेस्टरवर लावायचा. हाताच्या दांड्यानं दाब द्यायचा, घड्याळाचा काटा चढत चढत २०० बारच्या आसपास गेला की नोझल उघडलं पाहिजे. कमी दाबावर उघडलं तर आतली स्प्रिंग बसली, मग शिम घालून दाब वाढवायचा. फवारा धुक्यासारखा आणि सगळ्या भोकांतून सारखा हवा. टोकाला थेंब लोंबला तर सुई बसत नाही. आणि चांगलं नोझल बोलतं. दांडा हळू दाबला की किर्रर्र असा बारीक कापरा आवाज येतो. उस्ताद काट्याकडे बघतही नसत, आवाजावरून निकाल देत. नंतर मी काटा बघून पडताळायचो, आणि ते चुकलेले मी क्वचितच पाहिले.

सुई आणि तिची बॉडी ही जन्माची जोडी. दोन्हींमधली फट दोन-चार मायक्रॉनची, म्हणून एकीची सुई दुसरीत घालायची नाही. स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन सुई एक तृतीयांश बाहेर ओढायची आणि सोडायची. ती आपल्या वजनानं सावकाश खाली सरकली पाहिजे. अडकली तर कचरा किंवा ओरखडा, धाडकन पडली तर झीज. ही परीक्षा मी हजारो वेळा केली असेल. प्रत्येक वेळी सुई सरकताना श्वास थांबायचा.

आणि हे सगळं आमच्या गावात बनत होतं. सातपूरला मायकोचा कारखाना, तिथं नोझल आणि इंजेक्टर तयार व्हायचे. शहरातल्या चौकाला मायको सर्कल हे नाव पडलं ते त्या कारखान्यावरून. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, चौक मात्र लोकांच्या तोंडी मायकोच राहिला. आपल्या गावात घडलेलं नोझल काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या ट्रकात बसतं, याचा आम्हाला केवढा अभिमान होता!

पावसाळ्यात काम वाढायचं. पिंपांत साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी शिरायचं, फिल्टरच्या तळाशी ते साचायचं. डिझेल संपून गाडी बंद पडली की "एअर घेतली" म्हणत लोक यायचे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस, मग बुडबुडे, मग एकसंध धार. ती धार लागली की हेल्परचं मन कसं निवायचं! काही ड्रायव्हर पैसे वाचवायला रेशनचं निळं रॉकेल मिसळायचे. पंपाचे प्लंजर त्यानं झिजायचे, पण गाडी कण्हत का होईना, चालत राहायची.

मग जग बदललं. युरोपात १९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या मोटारीत कॉमन रेल आली. आपल्याकडे २००२ मध्ये ह्युंदाईची ॲक्सेंट सीआरडीआय आली, पाठोपाठ इतरांनी तोच रस्ता धरला. पंप आता प्रत्येक सिलिंडरला वेगळं डिझेल मोजून देत नाही. तो एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब भरून ठेवतो. कुठल्या इंजेक्टरनं कधी आणि किती वेळ उघडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतो. दाब सुरुवातीच्या गाड्यांत १३५० बार, पुढे १६००, मग २००० च्या घरात.

या नव्या इंजिनानं आमची सगळ्यात मोठी गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे आवाज. मुख्य फवाऱ्याच्या आधी इंजेक्टर एक-दोन घनमिलिमीटरचा इवलासा फवारा मारतो. त्यामुळे आग हळुवार पेटते आणि जुन्या डिझेलची ती टकटक उरत नाही. गिऱ्हाईक खूश झालं, त्याचं बरोबरच होतं. पण आमचे कान त्या टकटकीवरच तयार झाले होते. मी पहिल्यांदा अशा गाडीच्या बॉनेटजवळ डोळे मिटून उभा राहिलो तेव्हा मला काहीच कळलं नाही. तो दिवस मला चांगला आठवतो.

सवयीनं हात पान्याकडे गेला होता. अनेक गाड्यांत रेलच्या नळ्यांचं नट सतराचंच असतं. तोच पाना, तेच नट. आणि चालू इंजिनावर ते सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ. हजार-दीड हजार बारची केसाएवढी धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनं जुन्या सवयीनं ते केलं. बोटाला मुंगी चावल्याएवढी खूण, रक्तसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत हात सुजून काळानिळा, मग ऑपरेशन. बोट वाचलं, पण ते आता वाकत नाही. अशी खूण कितीही बारीक दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं आणि "डिझेल दाबानं आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. त्या दिवसापासून पाना भिंतीवर आहे.

आता गाडी येते आणि पोरं आधी स्कॅनर लावतात. पडद्यावर पी०२०३ असा कोड उमटतो, म्हणजे तिसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष. मला स्कॅनरबद्दल आदर आहे. तो रेलचा दाब दाखवतो, प्रत्येक सिलिंडरला ईसीयू किती डिझेल कमी-जास्त करून सांभाळून घेतोय तेही दाखवतो. उस्तादांना हे दिसलं असतं तर ते रात्रभर त्याच्यापुढून उठले नसते. पण कोड कुठं दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही.

एका पिकअपची गोष्ट. तिसऱ्या सिलिंडरचा कोड. एका मोठ्या वर्कशॉपनं इंजेक्टर बदलला, कोड गेला नाही. दुसरा नवा बसवला, तरी नाही. मालक द्राक्षाचा बागाईतदार, ऐन तोडणीत गाडी उभी. माझ्याकडे आणली तेव्हा मी दुसरा आणि तिसरा इंजेक्टर आपसात बदलले. कोड इंजेक्टरबरोबर दुसऱ्यावर गेला असता तर इंजेक्टर खराब. तो तिसऱ्यावरच राहिला, म्हणजे दोष वायरिंगमध्ये नाहीतर ईसीयूत. इंजिन बंद करून, कपलर काढून मल्टिमीटर लावला आणि वायर हातानं हलवत गेलो. एका ब्रॅकेटखाली वायर घासून आत तांब्याचे दोनच धागे उरले होते. सोल्डर, स्लीव्ह, क्लिप. दोन नव्या इंजेक्टरांचे पैसे त्या माणसाचे उगाच गेले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

हीच तर सहा नटांची जुनी रीत. एकेक बाजूला काढत जायचं, उरेल तो गुन्हेगार. पाना गेला, रीत तीच राहिली, हे पोरांना सांगताना माझा आवाज चढतो. मल्टिमीटरचंही तसंच. सोलेनॉइड इंजेक्टरचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही आत असतो. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून त्यांचाच आकडा बघा, तो वजा करा, मग बोला. आणि इंजिन चालू असताना त्या कपलरला हात नको, ईसीयू इंजेक्टर उघडायला ६०-७० व्होल्टचा झटका देतो.

दुसरी परीक्षा बाटल्यांची. गाडी थंड असताना लगेच स्टार्ट होते, गरम झाली की नुसतं क्रँकिंग. ही तक्रार आता फार येते. झिजलेला इंजेक्टर रेलमधलं डिझेल रिटर्नच्या नळीतून परत सोडतो, गरम डिझेल पातळ म्हणून जास्तच सोडतो, आणि इंजेक्शन सुरू व्हायला लागणारा दाब रेलमध्ये जमतच नाही. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला सारख्या लांबीच्या नळ्या लावून चार बाटल्यांत सोडायच्या आणि काही मिनिटं बघायचं. तीन बाटल्यांत बोटभर, चौथी अर्धी भरली, तर निकाल समोर आहे. इथं स्कॅनरसुद्धा लागत नाही.

कानही अगदी बेकार झाले नाहीत. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर गळायला लागलं की रेस दिल्यावर चक-चक असा श्वास ऐकू येतो, केबिनमध्ये वास येतो, आणि काढायला जावं तर इंजेक्टरभोवती डांबरासारखा कार्बन थिजलेला असतो. तो आवाज मी अजून फाटकापासून ओळखतो. वॉशर मात्र दर वेळी नवंच घाला.

भेसळीची शिक्षा आता फार मोठी झाली आहे. रॉकेलला वंगण कमी. उच्च दाबाचा पंप त्यानं कोरडा घासतो, त्याचा लोखंडी चुरा रेलमधून सगळ्या इंजेक्टरांत पोचतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, टाकीपासून सगळं धुवावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं. हवा स्वच्छ होतेय याचा मला आनंद आहे. धुरानं काळी पडलेली माझी नखं मी वीस वर्षं बघितली आहेत, उस्तादांचा शेवटचा खोकलाही ऐकला आहे.

उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या कानातलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. कुणी लिहून घेतलं नाही, मीही नाही.

म्हणून वाचणाऱ्या गाडीमालकांना हात जोडून सांगणं आहे. इंजेक्टर बदलावा लागेल असं कुणी सांगितलं तर आधी रिटर्नच्या बाटल्या लावून दाखवा म्हणा, आणि सर्किटचा कोड असेल तर इंजेक्टर अदलाबदल करून कोड हलतो का ते बघायला सांगा. नवा बसवलाच तर त्याच्या डोक्यावर छापलेला अंकाक्षरांचा कोड ईसीयूत भरला का, ते विचारा. जुना इंजेक्टर मागून घ्या. आणि चालू गाडीच्या रेलचं नट कुणी सैल करायला निघालं, तर त्याचा हात तिथंच धरा.