लाइनीतली हवा

आमच्या गोठ्यामागे १९८६ सालची डिझेल पिकअप चार पावसाळे भिजत उभी होती. दहावीत नापास झालेला मुलगा घरात बोलेनासा झाला, तेव्हा मी पाना त्याच्या हाती दिला. दोघांनी टाकी धुतली, फिल्टर बदलला, नवी बॅटरी घातली. पण इंजिन सुरू होईना. मी चिडलो.

तो म्हणाला, "अण्णा, लाइनीत हवा असेल." त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येताच स्क्रू आवळला. दुसऱ्या सेल्फला इंजिन धडधडले.

रात्री जेवताना तो आपणहून बोलला, "पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचाय."

तुमच्याही घरी असे पोर असेल, तर बोलण्याआधी त्याच्या हाती काम द्या.