दोष रंगाचा नव्हे, उजेडाचा

मुरुडच्या किनाऱ्यावर फोटो काढला की समुद्र झकास येतो आणि माणसांचे चेहरे मात्र काळेठिक्कर पडतात, हा अनुभव अनेक कुटुंबांचा आहे. आम्ही पेशाने कारकून, पण वस्तीतल्या कार्यक्रमांचे फोटो काढण्याचे काम बहुधा आमच्याकडेच येते. पूर्वी एका स्टुडिओवाल्याने आमच्या आईचा फोटो हातात देताना म्हटले होते, "रंगच तसा, कॅमेरा काय करणार?" ते वाक्य आम्हाला लागले आणि आम्ही हा विषय समजून घेतला.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के उजेड परतवणारे आहे, असे धरून चालतो. मागे चमकते पाणी असले, किंवा पांढऱ्या साड्यांतल्या भगिनींची रांग असली, की त्याला उजेड जास्त वाटतो व तो कमी करतो. मग साड्या करड्या होतात आणि चेहरे अंधारात जातात.

फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबना गोऱ्या बाईचे चित्र असलेले 'शर्ली कार्ड' देत असे. तिची कांती नीट आली की झाले! पुढे चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांनी तपकिरी छटांबद्दल तक्रारी केल्या, तेव्हा कंपनीने फिल्म सुधारायला घेतली. सावळ्या माणसांचा विचार त्यामानाने उशिरा झाला.

उपाय आपल्या हाती आहे. मोबाइलवर चेहऱ्याला बोट टेकवा. सूर्याचे चिन्ह दिसले तर ते वर सरकवा. कॅमेऱ्यात शटर १/२५० वरून १/१२५ वर आणले की उजेड दुप्पट मिळतो. छिद्र एफ ८ वरून एफ ५.६ केले तरी दुप्पटच. आकाश थोडे पांढरे पडले तर पडू द्या. फोटो माणसांचा आहे.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून सकाळी मंडळींनी समुद्राकडे पाठ करावी, गावाकडचे ऊन तोंडावर येते. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करावे. भर दुपारी नारळी-पोफळीची सावली बरी.

मुलामुलींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो असेच काढा. चेहरा गोरा करणारे फिल्टर लावू नका. उन्हातान्हात राबून आलेला रंग आहे तो. त्यावर पुरेसा उजेड पडला की डोळे, सुरकुत्या, हसू, सारे स्पष्ट दिसते.