त्याच घरी पुन्हा

वैद्यकीय महाविद्यालयाला गाव जोडून देण्याचा विचार भारतात स्वातंत्र्याआधीपासूनचा आहे. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्रत्येक डॉक्टर ‘सामाजिक वैद्य’ व्हावा अशी अपेक्षा ठेवली आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली. १९७७ साली केंद्र सरकारने एका महाविद्यालयाकडे तीन विकासगट सोपवण्याची योजना आणली. दोन्ही गोष्टी कागदावर उत्तम होत्या. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी बसने गावात जात, पाण्याची टाकी आणि अंगणवाडी पाहत आणि जर्नल भरून परत येत. त्यांना गाव पाहायला मिळे, पण गावातले माणूस ओळखीचे होत नसे.

ती ओळख व्हावी यासाठी चिकाटीने घडी बसवली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने. डॉ. सुशीला नायर तरुण डॉक्टर म्हणून १९३९ मध्ये तिथे आल्या तेव्हा कॉलऱ्याची साथ पसरली होती. ती त्यांनी जवळजवळ एकटीने हाताळली. कस्तुरबा गांधींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ तिथे स्त्रिया आणि बालकांसाठी छोटे रुग्णालय उभे राहिले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्या रुग्णालयाला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची जोड मिळाली. इथला नवा विद्यार्थी आधी आश्रमातल्या शिबिरात राहतो. त्यानंतर त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे सुमारे पंधरा दिवस मुक्कामाला जाते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात, आणि पुढच्या वर्षांत तो त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जात राहतो.

या व्यवस्थेचे सारे बळ त्या ‘पुन्हा’मध्ये आहे. पहिल्या भेटीत घर फक्त माहिती देते: माणसे किती, संडास आहे का, पाणी कुठले. विचारणारा परत येईल याची खात्री पटल्यावरच सासूची सुटलेली बीपीची गोळी, सुनेचा दुसऱ्यांदा झालेला गर्भपात, मुलाचे दारूचे व्यसन या गोष्टी बाहेर येतात. हिमोग्लोबिन आठ निघाले तर लोहाच्या गोळ्या लिहून देणे सोपे आहे. त्या गोळ्या खरोखर घेतल्या का, काळे शौच झाल्याने घाबरून बंद केल्या का, हे महिन्याने त्याच दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मुक्कामाचे महत्त्वही विदर्भातल्या गावाचा दिवस पाहिला की लक्षात येते. सकाळी उन्हे चढली की गावात म्हातारी माणसे आणि लहान लेकरे उरतात. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई दिवस मावळताना परतते, आणि मग चूल आणि पाणी तिची वाटच पाहत असतात. अकराला येऊन दोनला निघणाऱ्या पाहणीत ती सापडत नाही. रक्तक्षय तिला असण्याची शक्यता मात्र मोठी. घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून केली, तर वस्तीपासून दूर असलेला पारधी बेडा आणि वीटभट्टीवरची झोपडी सुटू शकते. आरोग्यातली विषमता पुष्कळदा अशी तपासणीची वेळ आणि यादीची सुरुवात ठरवतानाच जन्म घेते. म्हणून संध्याकाळी सातला, चुलीच्या धुरात, पाटावर बसून घेतलेला रक्तदाब हा दुपारच्या शिबिरातल्या शंभर नोंदींहून मोलाचा ठरू शकतो.

सेवाग्राममध्येच डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत उभारलेली जवारीची विमा योजना याच विचाराचे आर्थिक रूप होते. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे जवारी द्यायची: जमीन जास्त त्याची जवारी जास्त. उपचार मात्र गरजेप्रमाणे. अचानक आलेल्या आजारात रुग्णालयातला इलाज मोफत, आणि आधी ठाऊक असलेल्या खर्चात, जसे साधे बाळंतपण किंवा मोतीबिंदू, थोडा वाटा उचलायचा. अशा गावांत शिकलेल्या विद्यार्थ्याला समन्यायाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या कामाविषयी यापेक्षा फार कमी लिहिले गेले आहे, आणि ते अन्यायाचे आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या पोस्टिंगमध्ये त्या खांद्यावर बॅग घेऊन घरोघर फिरतात. बॅग वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवायची, साबण आणि टॉवेल आधी काढायचा, हात धुतल्याशिवाय आतल्या कप्प्याला हात लावायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत ही शिस्त स्वतःच एक धडा असते. आजी ती टक लावून पाहते आणि उद्या बाळाला घेताना हात धुते. बाळाची नाळ कोरडी आहे ना, अंगावर पिताना बाळ नीट धरले आहे ना, हे पाहायला या विद्यार्थिनींना वेळ असतो. ‘पांढरे जाते’ हे वाक्य पुरुष विद्यार्थ्यासमोर सहसा निघत नाही, त्यांच्यासमोर निघते. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र फक्त ८ टक्के होत्या. इतके दुखणे घरात दडून होते, कारण विचारायला कुणी गेले नव्हते.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक उपक्रम देशभरातल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे तीन ते पाच कुटुंबे द्यावीत, असे त्यात आहे. सेवाग्रामने जे श्रद्धेने केले ते आता नियमाने सर्वत्र व्हायचे आहे, आणि नियमाबरोबर धोकाही येतो. भेट लॉगबुकात सहीपुरती उरू शकते. त्याहून गंभीर म्हणजे तपासायचे आणि सोडून द्यायचे. शुगर २८० निघाल्याचे सांगून निघून जाणारा विद्यार्थी त्या घरात फक्त भीती ठेवून जातो. नोंद करण्याआधी पुढचा रस्ता ठरलेला हवा: उपकेंद्रात औषध आहे का, तालुक्याला जायला एसटी कधी, त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर काय. आशाताई आणि एएनएम यांना ही उत्तरे तोंडपाठ असतात, म्हणून विद्यार्थ्याने त्यांच्या हाताखाली शिकणे योग्य. कुटुंबालाही नको म्हणायचा हक्क असला पाहिजे. गरिबाचे घर ही कुणाची प्रयोगशाळा नव्हे.

तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडते तेव्हा कुटुंबाच्या नोंदी ठेवलेल्या फॅमिली फोल्डरचे काय होते, यावर उपक्रमाची खरी परीक्षा होते. ते फोल्डर विभागाच्या कपाटात गेले तर कुटुंब पुन्हा पहिल्या प्रश्नावर येते: माणसे किती, पाणी कुठले. ते उपकेंद्रात पोचले आणि पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्याला जुन्या विद्यार्थ्याने स्वतः त्या दारापर्यंत नेऊन ओळख करून दिली, तर सासूची बीपीची गोळी चालू राहते.