शेवटचा आकडा

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये फ्रिक्वेन्सी काउंटर मी बनवला आणि १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर मित्रानं. माझ्या डिस्प्लेवर आठ आकडे होते. त्याचं सर्किट जोडलं तर दिसलं १००००१५०. पुन्हा मोजलं, तेच. फार तर शेवटचा आकडा एकानं हलायचा.

"तुझं १५० हर्ट्झनं चुकतंय," मी म्हणालो.

"डेटाशीट पाहूनच कपॅसिटर लावले ना बे," तो म्हणाला. पण आठ आकड्यांपुढे त्याचं काय चालणार? दोन रात्री जागून, ट्रिमर फिरवत त्यानं रीडिंग बरोबर एक कोटीवर आणलं.

डेमोच्या दिवशी सरांनी लॅबच्या कपाटातला कॅलिब्रेट केलेला काउंटर काढून जोडला. त्यावर आलं ९९९९८५०. मार्क मित्राचे गेले.

काउंटर म्हणजे एक फाटक. ते एक सेकंद उघडतं आणि तेवढ्यात किती लाटा आत आल्या ते मोजलं जातं. म्हणून शेवटचा आकडा १ हर्ट्झचा. हे रेझोल्युशन. फाटक १० सेकंद उघडं ठेवलं की आणखी एक आकडा मिळतो. पण सेकंद केवढा, हे आतला क्वार्ट्झ क्रिस्टल ठरवतो. माझा क्रिस्टल दहा लाखांत १५ भागांनी हळू होता. फाटक उशिरा मिटायचं, जास्तीच्या १५० लाटा आत यायच्या. दर वेळी तेवढ्याच. रीडिंग हलत नव्हतं, म्हणून मला ते खरं वाटलं.

हे मला त्याच रात्री कळलं. मी कुणाला बोललो नाही.

गेल्या दिवाळीत घरी वाशीमला गेलो, तेव्हा मध्यमेश्वराच्या देवळात थांबलो. पृथ्वीची मध्यरेषा इथून जाते, असं लहानपणापासून ऐकलेलं. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहला'त मध्यरेषेवरच्या ठिकाणांत उज्जयिनीसोबत वत्सगुल्माचं, म्हणजे आपल्या वाशीमचं नाव आहे. फोन काढून पाहिलं. वाशीम सुमारे ७७.१ अंश पूर्व, उज्जैन ७५.८. एवढं सरकायला सूर्याला पाच मिनिटांहून जास्त लागतात.

ही माणसं ग्रहांचं गणित विकलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागापर्यंत करायची. पण दोन गावांमधलं पूर्व-पश्चिम अंतर काढायचं तर एकच चंद्रग्रहण दोन्हीकडे केव्हा लागलं ते पाहावं लागे, आणि घड्याळ म्हणजे पाण्यात बुडणारं घटिकापात्र. आकडे बारीक होते, घड्याळ तेवढं बारीक नव्हतं.

मला हसू आलं नाही. त्यांच्याकडे पडताळायला याहून चांगलं घड्याळ नव्हतं. माझ्याकडे होतं, लॅबच्या कपाटात. मी ते मागितलंच नाही.

फोनवर रेखांशाचे दशांशापुढे सहा आकडे होते, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी जमीन. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : अचूकता १२ मीटर. स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझा ऑसिलेटर बरोबर होता. माझा क्रिस्टल हळू होता."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं.

"आता सांगून राह्यला काबे?"