जोडी आणि फट

कोयनेच्या पाण्याचा आम्हा कोयनानगरकरांना फार अभिमान. ते डोंगराच्या पोटात उतरतं आणि पोफळीला वीज होते. पण तेच पाणी धाकट्या भावाच्या ट्रकच्या डिझेलमध्ये उतरलं आणि भर आषाढात ट्रक बसला! ट्रक चालला तर बँकेचा हप्ता चालतो आणि हप्ता चालला तर भाऊ.

पंप उतरवून आम्ही कराडला नेला. मिस्त्रींनी सहा एलिमेंट सहा वाट्यांत वेगवेगळे ठेवले. एलिमेंट म्हणजे करंगळीएवढी दांडी आणि तिची नळी. दोघांतली फट दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे बघा! मध्ये वॉशर नाही, रबर नाही. नुसत्या नेमकेपणावर डिझेलचा प्रचंड दाब अडवायचा.

एकच दांडी गंजली होती.

"मग तेवढीच बदला की," भाऊ म्हणाला.

"दादा, नवरा बदलला तर बायकोही बदलावी लागते. जोडी एकमेकांत घासून बसवलेली असते. दुसऱ्याची चालत नाही."

(स्टुटगार्टच्या बॉश कंपनीनं १९२७पासून ही लग्नं घाऊक लावली.)

सौ. बरोबर होती. "घासल्याशिवाय जमत नाही म्हणा की!" असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

नवी जोडी मिस्त्रींनी डिझेलमध्ये धुतली. फडकं लावू देईनात, धागा राहतो म्हणे. मग नळी उभी धरून दांडी वर ओढून सोडली. ती आपल्याच वजनानं, घरंदाज सुनेसारखी, सावकाश खाली उतरली. पुढं मशीनवर सहाही धारा काचेच्या नळ्यांत मोजून सारख्या केल्या.

ट्रक चालू झाला. भाऊ हल्ली देवपूजेआधी फिल्टरमधलं पाणी काढतो.

बिल मात्र मायक्रॉनमध्ये नव्हतं.