नागपूर उष्ण की उपोष्ण?

परवा बर्डीवर, मेन रोडच्या फुटपाथवर संत्री घेत होतो. बाजूलाच स्वेटरांचा ढीग लागलेला. संत्रेवाला काटोलकडचा, स्वतःची बाग असलेला. सहज म्हटलं, "भाऊ, थंडी पडली यंदा." तर म्हणे, "रात्री पडते साहेब, टिकत नाही. झाडाले ताण बसत नाही."

मला माझी जुनी चूक आठवली. एका बातमीत मी नागपूरचं हवामान 'उपोष्ण' लिहून मोकळा झालो होतो. संत्री पिकतात, डिसेंबरात शेकोट्या पेटतात, म्हणजे उपोष्णच! भूगोलाच्या एका निवृत्त सरांनी फोन करून चांगलंच झापलं.

सरांचं बरोबर होतं. कोपेन या हवामानशास्त्रज्ञाची पद्धत जगभर चालते. तिच्यात बघायचं ते सर्वांत थंड महिन्याची सरासरी, एखाद्या रात्रीचा पारा नाही. ती १८ अंशांच्या वर असेल तर उष्ण. उन्हाळा कडक, पण थंड महिना १८ च्या खाली उतरतो (गोठणबिंदूच्या फार खाली नाही), तर साधारण उपोष्ण. दिल्लीचा जानेवारी १४ च्या आसपास, म्हणून दिल्ली या रेषेपलीकडे. आपला डिसेंबर २०-२१. आपण उष्णच. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ वर गेला होता, तरी सरासरीत ते सगळं विरघळतं.

अक्षांशानंही तेच. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर. २६ मेच्या सुमारास दुपारी बारा-दहाला बर्डीच्या झिरो माईलच्या खांबाजवळ उभे राहा, सूर्य बरोब्बर डोक्यावर. दिल्लीत असं कधीच होत नाही.

मग संत्र्याचं काय? लिंबूवर्गीय झाडं मुळात उपोष्ण भागात रमणारी. तिथं हिवाळ्याची थंडीच झाडाची वाढ थांबवते आणि मग बहर येतो. आपल्याकडे थंडी अपुरी पडते, म्हणून शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो. आंबिया बहार या दोन्हींवर, डिसेंबरच्या थंडीवर आणि बंद केलेल्या पाण्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं. मृग बहाराला मात्र थंडी लागत नाही, मेच्या उन्हात ताण द्यायचा आणि पावसाची वाट बघायची. म्हणजे नागपुरी संत्रं उष्ण प्रदेशात राहून उपोष्ण हिवाळा उसना घेतं. रात्री ऊबदार राहिल्या, मध्येच अवकाळी पाऊस आला, की ताण तुटला आणि आंबिया गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. भरपाई ठरते ती मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, बागेतल्या नुकसानीवर नाही. आणि ही यंत्रं? २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातम्या झाल्या. हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. शहरात होता म्हणून बोभाटा तरी झाला. खेड्यातला एखादा दोन अंशांनी चुकत असेल तर कोण बघतं? मंडळातल्या प्रत्येक केंद्राची तपासणी शेवटची कधी झाली, हे तहसीलच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे?

संत्रेवाल्याला विचारलं, तुमच्या बागेपासून यंत्र किती दूर? "मधात एक नाला अन् दोन टेकड्या," म्हणाला आणि पिशवीत दोन संत्री जास्तीची टाकली.